नाव काढलं

१२ जून

शेंडेफळास,

पुस्तक पोचलं. टपालवाला सही मागत होता, तर बाबा आतून ओरडले, "त्याला आधी सांग कुणाचं पुस्तक आहे ते!" मी तोंड उघडायच्या आत भिंत चाचपत स्वतःच बाहेर आले आणि त्या बिचाऱ्याला उन्हात उभं करून सगळं ऐकवलं. धाकटी लेक विद्यापीठात शिकवते, मुलींच्या शाळांचा इतिहास लिहिते, मोठमोठे लोक तिला बोलावतात. "नाव काढलं पोरीनं, नाव काढलं," हे पालुपद चालूच होतं. त्यानं सहीचा कागद खिशात घालून मान डोलावली आणि सुटका करून घेतली.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. अगं, डोळे गेल्यापासून यांचे कान असे तिखट झालेत की मी फोनवर नुसती खोकले तरी विचारतात, काय म्हणाली ती? दुकान बंद करून इतकी वर्षं झाली, पण शेजाऱ्यांच्या भिंतीवरचं घड्याळ मागे पडायला लागलं की इथे खाटेवर बसून सांगतात. जन्मभर घड्याळंच दुरुस्त केली ना. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, त्यामुळे लपून बोलायलाही जागा नाही. मनातलं काही असलं तर पत्रच बरं.

रोज दुपारी जेवणं झाली की थोडं थोडं वाचून दाखवायचं ठरलंय. माझं वाचन कसं आहे ते तुला ठाऊक आहे. सातवीत शाळा सुटली, त्यानंतर मोठ्यानं वाचलं ते औषधांच्या बाटल्यांवरचं. पत्र लिहिताना माझे शब्द असतात, ते येतात भराभर. वाचताना तुझे वाचावे लागतात. 'पितृसत्ताक' म्हणताना जीभ वळेना, तर बाबा म्हणाले, "सावकाश. चाकाचा एकेक दाता मोजत चल." आणि 'गळती' आली तेव्हा मला वाटलं छपराबद्दल काहीतरी असेल. शाळेतून मुली जातात त्याला गळती म्हणतात होय? आम्ही काय नळ आहोत?

बाबांना तुझी आठवण येते. ते म्हणायचे नाहीत, म्हणून मी म्हणते. कधी येतेस?

तुझी ताई


२१ जून

प्रिय ताई,

तुझं पत्र स्टाफरूममध्ये वाचलं आणि एकटीच हसत बसले. "आम्ही काय नळ आहोत" हे वर्गात सांगितलं, तर मुलींनी वहीत उतरवून घेतलं. तुझ्या नावावर खपवलं हं, माझ्या नाही.

एक सांगायचं राहिलं. चौथं प्रकरण बाबांना वाचून दाखवू नकोस. त्यात नुसते तक्ते आहेत, कुठल्या शाळेतून कधी किती मुली गेल्या असले. तुझी जीभ दुखेल आणि त्यांना झोप येईल. तिसऱ्यावरून थेट पाचव्यावर जा. पाचव्यात शिक्षिकांच्या गमती आहेत. एका शाळेत पहिल्यांदा बाई शिकवायला आल्या, तेव्हा त्यांना बसायला खुर्ची द्यायची की स्टूल, यावर शाळेच्या समितीच्या बैठकांवर बैठका झाल्या. ते बाबांना आवडेल.

इथे परीक्षेच्या पेपरांचे गठ्ठे पडलेत, शिवाय विभागप्रमुखपदाची मुलाखत आहे. मी नवीन लागले तेव्हा एका ज्येष्ठ सरांनी विचारलं होतं, "मुलींच्या शाळा हा काय विषय आहे का?" आणि आपला रिकामा कप विसळायला माझ्या हातात दिला होता. त्याच सरांच्या खोलीत आता मला बसवायचं चाललंय. बघू.

सत्र संपलं की येते. आणि चौथं सोडायचं, विसरू नकोस.

तुझी,
शेंडेफळ


३० जून

शेंडेफळास,

चौथं सोड म्हणालीस म्हणून चौथंच आधी वाचलं. लहानपणी तू "या डब्यात काही नाहीये" म्हणायचीस तेव्हा नेमकं त्याच डब्यात असायचं. स्वयंपाकघरात नळ सोडून ठेवला, म्हणजे बाबांना पानांचा आवाज जायला नको, आणि ओट्याला टेकून वाचलं.

तक्ते आहेत, खरं. पण तक्त्यांच्या आधी एक मुलगी आहे. एका घड्याळजीची थोरली, वर्गात पहिली येणारी. वडिलांनी एका सकाळी शाळेत जाऊन तिचं नाव काढलं. दाखल्यावर कारण लिहिलं, 'घरकाम'. आणि खाली तुझं वाक्य: 'या वडिलांच्या लेखी मुलीच्या शिक्षणाचं मोल घासलेल्या भांड्यांहून अधिक नव्हतं.' ते मी आधी अडखळत वाचलं आणि मग पुन्हा नीट वाचलं.

ती मी आहे ना गं?

राग आला नाही असं लिहिणार होते, पण आला. कुठल्या कुठल्या बायकांच्या घरी टेपरेकॉर्डर घेऊन गेलीस, त्यांच्या सुनांच्या हातचा चहा प्यायलीस. मला एक प्रश्न विचारला नाहीस. आणि पुस्तकभर सगळ्यांना नावं आहेत. देणग्या देणाऱ्यांना आहेत, त्या खुर्चीवाल्या बाईंनासुद्धा आहे. मी तेवढी 'एक मुलगी'. शाळेतून माझं नाव बाबांनी काढलं, पुस्तकातून तू काढलंस.

बाबांना हे ऐकवायचा माझा विचार नाही, घाबरू नकोस. या वयात त्यांना हे कशाला? पण ते सोडायला तयार नाहीत. म्हटलं, नुसते तक्ते आहेत, तर म्हणाले, "लेकीचे तक्ते आहेत ना? मग वाच." आता मी काय करू ते तूच सांग.

ताई


९ जुलै

ताई,

कितीतरी कागद फाडून झाले.

माणूस हयात असेल तर नाव द्यायचं नाही, त्याला त्रास नको, अशी आमच्या कामात रीत आहे. हे लिहिलं आणि माझं मलाच पटेना. खरं ते सांगते. विचारलं नाही, कारण भीती वाटली. परक्या बाईला "शाळा का सुटली हो?" असं सहज विचारता येतं. ती रडायला लागली तर टेप बंद करायचा, पाण्याचा पेला पुढे करायचा. तू रडली असतीस तर मी काय बंद केलं असतं?

पण लिहिलंय ते खोटं नाही, ताई. मला कळायला लागलं तेव्हापासून तू ओट्यापाशीच आहेस. माझी वेणी तू घातलीस, दप्तर तू भरलंस, शाळेच्या फाटकापर्यंत मला तू सोडायचीस आणि मग बाहेरच उभी राहायचीस. तू आत का येत नाहीस, असं मी विचारायचे आणि तू हसायचीस. मी या विषयाकडे वळले ती पुस्तकं वाचून नाही, त्या फाटकामुळे वळले. नोकरी, पदव्या, हे पुस्तक, सगळं तिथून आलंय. आणि बाबांनी इतक्या वर्षांत त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. ते माझं कौतुक करायला लागले की मला संताप येतो. दुसरीचं काय, असं ओरडून विचारावंसं वाटतं.

हे मी त्यांना सांगणार आहे. पण समोर बसून, त्यांचा हात धरून. पाठीमागून नको. तोवर तू वेळ मारून ने. जमेल ते वाच.

शेंडेफळ


२ ऑगस्ट

शेंडेफळास,

चौथं झालं. म्हणजे जमेल ते वाचलं. बाबांनी ऐकून घेतलं, विशेष काही बोलले नाहीत. आता पाचवं चालू आहे. खुर्ची की स्टूल यावर इतके हसले की ठसका लागला. मला पाठीवरून हात फिरवावा लागला.

मुलाखतीचं काय झालं? रोज विचारतात.

जेवण कमी झालंय त्यांचं. डॉक्टर म्हणतात, वय आहे. घाईघाईनं यायला नको, पण जमलं तर सत्र संपायची वाटही बघू नकोस.

फाटकाबाहेर मी का उभी राहायचे, ते तुला उगाच करुण वाटतं. तुमच्या वर्गाची खिडकी रस्त्याच्या बाजूला होती. तू पाढे म्हणायला लागलीस की ऐकू यायचं. सातच्या पाढ्यात तू हटकून चुकायचीस. तो झाला की मी घरी यायचे.

ताई


१६ ऑगस्ट

प्रिय ताई,

झाले विभागप्रमुख. बाबांना लगेच सांग, आणि टपालवाल्याला त्यांच्यापासून वाचव. खोलीत शिरले आणि आधी तो कप शोधला. कधीच फुटला असणार.

बाबा काही बोलले नाहीत, हे वाचून सुटल्यासारखं झालं. आणि खरं सांगू, थोडं वाईटही वाटलं. त्यांना कळलं असतं तर निदान भांडण झालं असतं. आमचं दोघांचं भांडण कधी झालंच नाही. ते कौतुक करत राहिले आणि मी धुमसत राहिले.

एक मोठा परिसंवाद माझ्या गळ्यात पडलाय, त्यात चौथ्या प्रकरणावरच बोलायचं आहे. घाई नको असं तूच लिहिलंस, म्हणून तो उरकून पुढच्या महिन्याच्या शेवटी येते. तेव्हा नक्की बोलेन त्यांच्याशी. कसं बोलायचं याची मनात तालीम चालू आहे.

शेंडेफळ


७ ऑक्टोबर

ताई,

बाबांचे दिवस उरकून परत आले, कामाला लागले. निघताना तू बाबांचं भिंग माझ्या पिशवीत घातलंस, ते टेबलावर ठेवलंय. डोळ्याला लावायची त्याची कड झिजून गुळगुळीत झाली आहे. मी दिवसातून कितीदा तरी ते नुसतं हातात धरते.

मी पोचले तेव्हा ते ऐकण्याच्याही पलीकडे गेले होते. ते कान, ताई. मी उशाशी बसून किती बोलले. दारात टपालवाला आला होता, मला म्हणाला, "नाव काढलंत बाबांचं." मी तोंड फिरवून आत निघून गेले. त्याला वाटलं असेल, केवढी शिष्ट बाई.

मला एक गोष्ट सोसत नाहीये. मी जगाला सांगितलं आणि त्यांना सांगितलं नाही. परिसंवादात माईकवरून त्यांच्याबद्दल बोलले, 'एक घड्याळजी', आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हा ते तिकडे अंधारात बसून माझंच पुस्तक ऐकत होते, त्यातलं स्वतःचं पान सोडून. ज्यांच्यावर लिहिलं त्यांना बोलू दिलं नाही. इतर कुणी असं केलं असतं तर मीच झोडपून काढलं असतं.

दुसरी आवृत्ती छपाईला जातेय. ते प्रकरण काढून टाकू का?

शेंडेफळ


१५ ऑक्टोबर

शेंडेफळास,

प्रकरण काढू नकोस. आपल्या घरात काढाकाढी पुष्कळ झाली.

मी तुला अर्धंच कळवलं होतं. बाबांना सगळं माहीत होतं.

त्या दुपारी मी चौथं उघडून बसले, पण वाचलं ते माझ्या मनचं. एका घड्याळजीची थोरली मुलगी होती, म्हटलं. ती सातवी झाली, आठवी झाली. पावसापाण्याची वडील तिला सायकलवर शाळेत सोडायचे. पुढे मॅट्रिक झाली, शाळेत बाई झाली. तिच्या टेबलावर खडूंचा डबा असायचा आणि मुली तिला जाम घाबरायच्या. मी वाचतच गेले गं. त्यांना आवाज जावा म्हणून पानंही उलटत होते. थांबवेनाच मला. झालं तेव्हा बाबांनी चाचपून पुस्तकावर हात ठेवला. मग म्हणाले, "आज कुठे अडखळली नाहीस."

मी म्हटलं, "सवय झाली आता."

"सवय नाही. हे शब्द तिचे नव्हेत, तुझे आहेत. आता तिचे वाच."

काय करणार? वाचलं. जोडाक्षरं फोडत, ठेचकाळत, त्या भांड्यांच्या वाक्यापर्यंत आले आणि थांबले. म्हणाले, "पूर्ण कर." पूर्ण केलं. मग म्हणाले, "घरकाम लिहा असं हेडमास्तरांना मीच सांगितलं होतं. दुसरं काय सांगणार होतो?"

ते दुसरं काय, ते आता सांगते. तुझ्या जन्मानंतर आई आजारी होती एवढंच तुला ठाऊक आहे. ती अंगानं आजारी नव्हती, मनानं होती. तुला जवळ नेलं की भिंतीकडे तोंड करायची. एकदा तुला पाळण्यात टाकून रस्त्याच्या कडेला जाऊन बसली. का, ते तिलाही सांगता येईना. मी शाळेतून आले तेव्हा तू रडून रडून निळी पडली होतीस. दुकान बंद ठेवून भागणार नव्हतं, आणि परकी बाई घरात आणली असती तर आईचं चारचौघांत झालं असतं. तेव्हा लोक सरळ वेड म्हणून मोकळे व्हायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा शाळेत गेले. पुढे आई बरी झाली, तुझ्यावर जीव टाकायला लागली. मग त्या आजाराचं घरात कुणी नाव काढायचं नाही, असं न बोलताच ठरून गेलं. मी परत शाळेत जाणार होते, पण बरोबरीच्या मुली पुढे निघून गेल्या होत्या आणि तू माझ्याशिवाय झोपत नव्हतीस.

तुझी जन्मतारीख आणि माझ्या दाखल्यावरची तारीख शेजारी शेजारी ठेवून बघ. एवढी मोठी इतिहासाची बाई तू, आणि तुला दिसलं नाही! त्या रकान्यातलं घरकाम म्हणजे तू गं.

बाबा म्हणाले, "हे तिला कळवायचं नाही. तिला वाटतंय मी तुझं शिक्षण मोडलं, तर वाटू दे. हे कळलं तर स्वतःला लावून घेईल. माझ्यावरच्या रागानं एवढी शिकली, तो राग राहू दे तिच्याजवळ." मी म्हटलं, "आणि तुम्ही?" तर हसले. "एकीचं मी नाव काढलं," म्हणाले, "म्हणून दुसरीनं माझं नाव काढलं." विनोद करायला गेले आणि त्यांनाच रडू आलं. मग माझा हात धरून म्हणाले, "ती खडूंच्या डब्याची बाई परत एकदा वाच." पुढे रोज पाचव्या प्रकरणाच्या आधी मला ती बाई वाचावी लागायची. शेवटी शेवटी तेच सांगायचे, आज तिनं कुठल्या वर्गावर तास घेतला ते.

तुला सांगणार नाही असं मी त्यांना वचन दिलं होतं. जन्मभर त्यांचं ऐकलं, हे एवढं नाही ऐकत. तू आयुष्यभर त्यांच्यावर रागवून राहावंस, हे मला चालणार नाही.

आणि तू स्वतःला लावून घेऊ नकोस. तुला सांभाळल्याचा मला कधी पश्चात्ताप झाला नाही. शाळा सुटल्याचं दुःख मात्र आहे, अजून आहे, त्या दुपारी वाचताना तर फारच झालं. दोन्ही खरं आहे. तुझ्या पुस्तकात ते कुठे बसतं ते तू बघ. फक्त या वेळी माझं नाव घाल.

ताई


४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

तारखा शेजारी ठेवल्या. खोलीचं दार लावून घेतलं आणि पोटभर रडले. लावून घेऊ नकोस म्हणतेस, पण लागलंय ते. तू सोडलेल्या शाळेच्या जागेवर मी बसले, आणि वर तुझ्यावरच प्रकरण लिहिलं.

इतक्या वर्षांत किती शाळांच्या दाखल्यांवरून मुलींची नावं उतरवली असतील मी. कारणाच्या रकान्यात 'घरकाम' दिसलं की पुढच्या ओळीवर जायचे. मला वाटायचं, कळलं मला. आता एकही ओळ ओलांडता येत नाही. प्रत्येकीच्या मागे कुणीतरी तान्हं असेल, कुणीतरी भिंतीकडे तोंड करून पडलेलं असेल, असं वाटत राहतं. त्यांना विचारायला आता कुणी उरलेलं नाही. तू आहेस. मी येतेय, या शनिवारी. कुठलाही परिसंवाद असला तरी येतेय. टेपरेकॉर्डर आणणार नाही.

भांड्यांचं वाक्य खोडलं. आईच्या आजाराचं लिहायचं की नाही, ते तुला विचारते. तू हो म्हणालीस तरच लिहीन. बाबांची माफी कुठे मागायची ते मला कळत नाही. टपालवाला भेटला तर त्याच्याशी तरी नीट बोलेन.

तुझं नाव घातलं. जन्मापासून तुला ताई म्हणत आले. नावानं कधी हाक मारली नाही, कागदावर कधी लिहिलं नाही. इतकी पत्रं पाठवली, तर पाकिटावरसुद्धा बाबांचंच नाव लिहायचे. काल ते पान पुन्हा लिहून झालं, तेव्हा तू वाचतेस तसं मोठ्यानं वाचून बघितलं. बाकीचं सगळं सरळ वाचलं. तुझ्या नावापाशी अडखळले.

तुझी,
शेंडेफळ